कानशीच्या सात रेघा

सायकलची सीट हवी तिथं थांबते कशी, असं मला एकाही गिऱ्हाइकानं कधी विचारलं नाही. लोक ब्रेकचं विचारतात, गिअरचं विचारतात, घंटी कुठली घ्यावी यावर अर्धा तास घालवतात. सीटवर बसतात आणि विसरतात. आपण कशावर बसलो आहोत याचा विचार करायची माणसाला फारशी सवय नसते. खुर्च्यांच्या बाबतीतही मी हे पाहिलं आहे.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे यशोगाथा मागितली. मी म्हटलं, गाथा नाही, एक बोल्ट आहे. ते हसले. मी गंभीरपणे बोललो होतो.

तर तो बोल्ट असा. सायकलच्या सांगाड्यात एक उभी नळी असते. तिच्यात सीटचा पाइप वरून खुपसलेला असतो. नळीचं तोंड मागच्या बाजूनं थोडं चिरलेलं असतं आणि त्या चिरेभोवती एक कडं असतं. त्याला क्लॅम्प म्हणतात. कड्याचा बोल्ट आवळला की चीर मिटते, नळी पाइपाचा गळा धरते, आणि भरल्या अंगाचा माणूस बोटभर रुंदीच्या त्या कड्याच्या भरवशावर बाजारात जाऊन येतो. उंच माणसाला पाइप वर, बुटक्याला खाली. संपलं यंत्र.

पण इथं करायचं काम कुणाला दिसत नाही, म्हणून सायकलवाल्याची पारख इथं होते. वर्षातून दोनदा, आणि पावसाळा संपल्यावर तर नक्की, बोल्ट सैल करायचा, पाइप पूर्ण बाहेर काढायचा, रॉकेलच्या फडक्यानं पुसायचा. काठीला फडकं गुंडाळून नळीच्या आतून फिरवायचं. ते तपकिरी होऊन बाहेर येतं. मग ग्रीसचा हात द्यायचा. पाइपाला, नळीच्या आत, बोल्टच्या आट्यांना. थापायचं नाही. थंडीत ओठांना तूप लावतो तितकंच. पाइप परत घालायचा, बोल्ट थोडा थोडा आवळायचा आणि सीटचं नाक दोन्ही हातांनी धरून पिळून बघायचं. हलली नाही की थांबायचं. इथं थांबता येणं हीच सगळी विद्या आहे, आणि ती माझ्या अंगी किती होती ते पुढं येईलच.

ग्रीसमुळं सीट घसरेल, अशी शंका येते. घसरत नाही. धरायचं काम कडं करतं; ग्रीस फक्त गंजाला आत येऊ देत नाही. पनवेलला त्याची फार गरज. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला तळोज्याचे कारखाने. इथल्या हवेत काय काय आहे ते वर्तमानपत्रात दर वेळी निराळं छापून येतं. मला ते पाइप बाहेर काढल्यावर कळतं.

तळोज्याला पाळीनं जाणारे एक गृहस्थ होते. त्यांची सीट स्टेशनाबाहेरून दोनदा चोरीला गेली. मग त्यांनी माझ्याकडून खिट्टी वळवून उघडणारा क्लॅम्प बसवून घेतला आणि पाइपासकट सीट काखेत मारून कामावर न्यायला लागले. कारखान्याच्या दारावरचा रखवालदार म्हणे रोज त्या सीटची वहीत नोंद करायचा. इकडं उघडी राहिलेली नळी पावसानं भरायची. मी म्हटलं, बूच लावा. दुसऱ्या दिवशी नळीत दाणे खाऊन उरलेलं मक्याचं कणीस खोवलेलं. इतकं चपखल बसलं होतं की मी पुढं दोन-तीन गिऱ्हाइकांना तोच उपाय सांगितला. असो.

माझं दुकान म्हणजे वडाळे तळ्याजवळ एक पत्र्याची खोली. सकाळी नवाला उघडतो, दुपार कलली की बंद करतो. गिऱ्हाईक नसलं की वाचत बसतो. बायको विचारते, "दुकानात निघालात की वाचनालयात?" फरक थोडाच आहे, दोन्हीकडं पंखा हळू फिरतो. दुपारी तळ्यावरचं ऊन परतून पत्र्याच्या आतल्या बाजूला पडतं आणि छत पाण्यासारखं हलायला लागतं. त्याच्याखाली पुस्तक छातीवर ठेवून डुलकी काढली की आपण तळ्याच्या तळाशी बसून सायकली दुरुस्त करतो आहोत, असं वाटतं. इब्राहिमभाईंची सायकल मी बरीचशी अशा अवस्थेत दुरुस्त केली.

इब्राहिमभाई आमच्याच बाजूचे, एसी बसवण्याच्या कामावर मस्कतला जायचे. पहिल्यांदा निघाले त्या आठवड्यात ते आपली दांड्याची काळी सायकल आणि मुलगी अशी दोघांना घेऊन आले. नळीवर पिवळ्या रंगात त्यांचं नाव रंगवून घेतलेलं. मुलगी नसीम, सातवीत.

"दत्ताभाऊ, सीट हिच्या मापानं करा. पण माझं माप हरवायचं नाही. रजेवर येईन तेव्हा मला माझ्या जागेवर पाहिजे."

"दांड्याची सायकल चालवेल ती?"

"काका, मी चालवतेच," नसीम म्हणाली. "दांड्याखालून पाय घालून. अब्बांना माहीत नव्हतं."

"आता माहीत झालं," इब्राहिमभाई म्हणाले.

मी कड्याच्या काठाला लागून पाइपावर कानशीनं एक बारीक रेघ मारली. ती त्यांची. मग पाइप जाईल तितका खाली घातला, नसीमला बसवलं आणि तिच्या मापाला दुसरी रेघ मारली. इथं एक गंमत सांगायला हवी. सीट खाली असली की पाइपाचा थोडाच भाग बाहेर राहतो, म्हणून लहान मापाची रेघ वर, सीटजवळ येते. माणूस वाढला, सीट वर गेली, की नवी रेघ आधीच्या रेघेच्या खाली. दारावर मुलांची उंची मांडतात तिथं रेघा वर चढतात. इथं मुलगी वाढते तशा त्या खाली उतरत वडलांच्या रेघेकडं येतात.

त्यानंतर दर वर्षी पावसाळा संपला की नसीम यायची. पाइप निघायचा, पुसला जायचा, ग्रीस लागायचं, सीट वर सरकायची, नवी रेघ पडायची. आठवी आणि नववीच्या मधे चांगलं दोन बोटं अंतर. अकरावीची रेघ दहावीला चिकटूनच पडली.

"काका, कानस बोथट झाली असेल तुमची," ती फुरंगटून म्हणाली.

"कानस बरी आहे. तूच दम घेते आहेस."

दीड-दोन वर्षांनी इब्राहिमभाई रजेवर आले की सामान घरात टाकून थेट दुकानात. चहा आधी नाही, रेघा आधी. अंगठ्याचं नख वरून खाली ओढत न्यायचे; प्रत्येक रेघेला नख अडकायचं, टक्, टक्. मी एकदा विचारलं, "रोज फोनवर बघता ना मुलीला?"

"व्हिडिओत सगळं सारखंच दिसतं, दत्ताभाऊ. हे नखाला लागतं."

महिनाभर सीट त्यांच्या रेघेवर राहायची. ते गेले की नसीम ती खाली करून न्यायची. असं तीनदा झालं. दर वेळी पाइप दोन बोटांनी सरकायचा. मला त्याचा अभिमान होता, सांगून टाकतो.

नसीमची बारावी झाली त्या वर्षी आमच्याकडं आरोग्यासाठी सायकल फेरी निघाली. कुठल्याशा हौशी मंडळाची होती. कमान, फुगे, ढोल, आणि एक प्रमुख पाहुणे. पाहुण्यांसाठी कुणाची तरी महागडी कार्बनची सायकल मागून आणलेली, एका हातानं उचलता येईल इतकी हलकी. ऐनवेळी सीट उंच करायची म्हणून मला बोलावणं आलं. मी पाइप काढला, पुसला, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं मस्तपैकी ग्रीसचा हात दिला.

कार्बनला ग्रीस चालत नाही. त्याला रेतीसारखी खरखरीत पेस्ट लागते, कारण तो पाइप नाजूक, कडं त्याला फार आवळता येत नाही. हे मला नंतर कळलं. नंतर म्हणजे साधारण सातशे पावलांनी.

पाहुणे निघाले तेव्हा रुबाबात होते. तळ्याच्या पहिल्या वळणावर थोडे बुटके झाले. दुसऱ्या वळणावर गुडघे कोपरांना लागत होते. पण हात हलवणं त्यांनी सोडलं नाही. लोकांना वाटलं, साहेब नम्रपणे वाकताहेत, टाळ्या वाढल्या. शेवटी भाषणात ते म्हणाले की सायकल माणसाला जमिनीजवळ ठेवते. मी कमानीच्या खांबाआड उभा होतो.

गावाला महिनाभर पुरेल इतका तो विषय होता. "दत्ताभाऊ, आमालाबी जरा बसवा की साहेबांसारखं," म्हणणाऱ्यांत सगळ्यांत पुढं जासईचा काशिनाथ. हा कंटेनर यार्डात वेल्डर. डॉक्टरांनी साखरेवर सायकल सांगितलेली, म्हणून दर आठवड्याला पनवेलला येतो आणि सायकल माझ्या दाराशी लावून बाकावर बसून राहतो. व्यायाम तेवढाच.

मी वरवर हसत होतो. आतून ग्रीसच्या डब्याकडं हात जाईना झाला होता. आणि नेमकी तेव्हाच नसीम आली. नर्सिंगला प्रवेश मिळाला होता.

"काका, या वेळी वर करा. पाय दुमडतात."

मी पाइप वर घेतला. तिला बसवलं. आणखी वर. कडं अगदी खालच्या, पहिल्या रेघेवर येऊन थांबलं. वडलांच्या.

नवी रेघ मारायची गरज नव्हती. सात रेघांत हिशोब पुरा झाला होता: सहा हिच्या, एक त्यांची, आणि आता दोघांचं माप एक. मला काय झालं कोण जाणे. फिती कापणाऱ्यांना आयुष्यभर हसत आलो, आणि त्या दिवशी माझ्याच हातून एक समारंभ झाला. वाटलं, आता ही सीट हलायची नाही. कायमची झाली. मग ग्रीस कशाला, उगीच घसरायची. पाइप कोरडाच घातला, आणि पान्याच्या दांड्याला लोखंडी नळी अडकवून, तिच्यावर भार टाकून बोल्ट आवळला. कड्याचे दोन्ही कान एकमेकांना भिडेपर्यंत. नसीम म्हणाली, "काका, बस." मी आणखी एक वेढा दिला.

ती सायकल घेऊन गेली. पुढं ती कधी हवा भरायला यायची, कधी पंक्चर काढायला. मी पाइप काढतो म्हटलं नाही, तिनंही विचारलं नाही. नोकरी लागल्यावर तिनं स्कूटर घेतली आणि सायकल त्यांच्या पडवीत उभी राहिली, जिथं सहा पावसाळ्यांचे शिंतोडे त्या चिरेतून नळीत शिरत राहिले.

यंदा पावसाळ्याआधी नसीम दुकानात आली तेव्हा सायकल हातात धरून चालवत आली होती. सोबत काशिनाथच्या बाकावर बसता बसता ज्यांना दोनदा टेकावं लागलं असे एक गृहस्थ. मी ओळखलं नाही. मग त्यांनी पाइपाला नख लावलं.

इब्राहिमभाई कामावर शिडीवरून पडले होते. कमरेच्या हाडाचं ऑपरेशन तिकडंच झालं आणि ते कायमचे परत आले. काठी हातात होती, पण ती मुलीच्या धाकानं धरल्यासारखी.

"डॉक्टर म्हणतात पाय चालता ठेवा," नसीम म्हणाली. "सायकल चालेल म्हणतात, पण दोन्ही पाय पूर्ण टेकले पाहिजेत. सीट खाली करून द्या, काका. मी रविवारी पहाटे जाते."

"कुठं?"

"मस्कतला. हॉस्पिटलमधे."

इब्राहिमभाई तळ्याकडं बघत होते. "दहाव्या मजल्यावर बाहेरून लटकून एसी बसवलेत मी," ते म्हणाले. "कधी खाली बघायची भीती वाटली नाही. आता या सीटवर बसलो की चक्कर येते. इतकी उंची, दत्ताभाऊ."

त्यांना काशिनाथशी बोलत ठेवून नसीम मला बाजूला घेऊन गेली. "दोन महिने घरी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून आहेत. काही मागत नाहीत. परवा पहिल्यांदा विचारलं, माझी सायकल कुठं आहे. मी जायच्या आधी ते सायकलवर बसलेले मला बघायचेत, काका. नाहीतर मी गेल्यावर ते त्या खुर्चीतनं उठणार नाहीत. मला माहीत आहे."

मी पाना लावला. बोल्ट कुरकुरत सुटला. कडं सैल झालं. सीट धरून पिळली. पुन्हा पिळली. पाइप आणि नळी आतून एक झाली होती.

"कशानं अडकलं?" नसीमनं विचारलं.

"हवा," मी म्हणालो. "खारी हवा आहे आपल्याकडं."

नवीन पनवेलला काचेच्या दर्शनी भागाचं एक सायकलचं दालन आहे. तिथं सायकल विकत घेताना कॉफी देतात. नसीम तिकडंही जाऊन आली. त्यांनी सांगितलं, पाइप कड्याच्या वर कापायचा, आत उरलेला तुकडा खरवडून काढायचा, नळी टिकली तर टिकली. त्यापेक्षा नवी सायकल घ्या. कापलेल्या तुकड्यावर रेघा राहतात, तो शोकेसमधे छान दिसेल, असंही तिथला तरुण म्हणाला. त्याचा हेतू चांगला होता. घरी हे ऐकल्यावर इब्राहिमभाई खिडकीकडं वळले, असं तिनं मला सांगितलं.

काशिनाथनं त्याचा उपाय काढला. "भाऊ, गॅस मारतो. दोन मिन्टांत लाल करतो, ढिला होतंय का नाय बघा."

"आणि रंग? नाव आहे त्यांचं नळीवर."

"नाव काय, परत लिवता येतं."

"नाही. आठ दिवस आहेत. तेल घालू."

"तेलानं? माझी रिटायरमेंट येईल तवर."

गंज सोडवणारं तेल पाण्यासारखं पातळ असतं. ते चिरेतून थेंब थेंब सोडायचं, लाकडी हातोडीनं पाइपाला हलकं ठोकायचं म्हणजे त्या थरथरीनं थेंब आत उतरतो, आणि मग काही करायचं नाही. हा शेवटचा भाग सगळ्यांत अवघड. मी सकाळी थेंब सोडायचो, दुपारी सोडायचो, बंद करताना सोडायचो. मधल्या वेळात पुस्तक उघडं, छतावर तळ्याचं ऊन हलतंय, बाहेर कुणीतरी काकड्या विकतंय, आणि माझं लक्ष त्या थेंबापाशी. अंधाऱ्या नळीत, केसाच्या जाडीच्या फटीत तो कुठवर गेला असेल? डोळा लागला की मीच त्याच्याबरोबर उतरायचो. विहिरीच्या पायऱ्यांसारख्या रेघा. एकेका पायरीवर शाळेच्या गणवेशातली नसीम, प्रत्येक पायरीला थोडी उंच, आणि मला विचारतेय, काका, अजून किती? मी सांगायचो, बस, झालंच. मग जाग यायची आणि पाइप तिथंच असायचा.

मंगळवारी पिळून बघितलं. नाही. बुधवारी कपड्याच्या चिंध्या उकळत्या पाण्यात बुडवून नळीला गुंडाळल्या. नाही. रोज संध्याकाळी नसीमचा फोन यायचा. ती फक्त "काका?" म्हणायची. मी "उद्या" म्हणायचो. गुरुवारी तिनं फोन केला नाही. ते जास्त लागलं.

गुरुवारी रात्री जेवताना बायकोला मी खरं काय ते सांगितलं. नळी अडकवून आवळलेला बोल्ट, कोरडा पाइप, सगळं. ती म्हणाली, "मग हे तेल त्या सायकलला घालताय की स्वतःला?" मी भाताकडं बघितलं.

शुक्रवारी काशिनाथ टेंपो घेऊनच आला. "चला. आमच्या यार्डात व्हाइस हाय. हत्तीचा पाय धरंल असा." व्हाइस म्हणजे टेबलाला बसवलेला लोखंडी जबडा. मी चाकं काढली आणि सांगाडा घेऊन निघालो.

युक्ती साधी आहे. पाइप फिरवायचा नाही. पाइप पक्का धरायचा आणि सायकल फिरवायची. सीट काढून, सांगाडा उलटा करून, पाइपाचं वरचं टोक आम्ही जबड्यात दिलं. रेघा जबड्याबाहेर राहतील इतकंच. लोखंडाचे दात लागू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी काशिनाथच्या जुन्या चपलांचे तळ. आता सगळा सांगाडा म्हणजे एक मोठा पाना. पण त्यातच धोका होता. पाइप सुटला नाही आणि नळीच पिळली गेली, तर सायकल भंगारात आणि रविवार येऊन ठेपलेला.

"फिरवू?" काशिनाथ म्हणाला.

"हळू. दोघं मिळून. मी थांब म्हटलं की थांबायचं."

"तुमी थांब म्हणायला शिकलाव कवा?"

आम्ही रेटा दिला. काही नाही. पुन्हा. कंटेनर उचलणाऱ्या क्रेनचा आवाज चालू होता, त्यामुळं मला नळीचं काही ऐकू येईना. मी हात वर केला, काशिनाथ थांबला, क्रेनही थांबली. त्या शांततेत मी चिरेत आणखी चार थेंब सोडले. कान नळीला लावून तिसऱ्यांदा रेटा दिला. आतून आवाज आला, जेवणावरून उठताना म्हातारा माणूस करतो तसा. सांगाडा नखाएवढा सरकला.

"हाल्ला!" काशिनाथ ओरडला. "भाऊ, हाल्ला!"

"ओरडू नकोस. उलटा फिरव. आता सुलटा. थोडा थोडा."

पाऊण तासानं पाइप बाहेर आला. खालचा भाग वाळलेल्या हळकुंडासारखा झाला होता. तो मी पॉलिश पेपरनं घासला. रेघांच्या भागाला मात्र फक्त फडकं लावलं, कारण कागद रेघा खातो. कड्याचे कान वाकले होते, म्हणून कडं नवं घातलं, बोल्ट नवा घातला. आणि ग्रीस लावलं. सगळीकडं. ओठांना तूप लावतात तसं.

शनिवारी सकाळी दोघं आले. मी आधी इब्राहिमभाईंना सांगितलं, कारण नंतर धीर झाला नसता. "हवेनं नाही अडकला. मी कोरडा घातला होता, जीव खाऊन आवळला होता. मला वाटलं, आता हलायचं नाही."

त्यांनी काठी बाकाला टेकवली. "हलायचं नाही असं मलाही वाटलं होतं," ते म्हणाले. "बसू द्या मला."

सीट आधी दहावीच्या रेघेवर ठेवली. मी मागून कॅरिअर धरलं, नसीमनं हँडल. इब्राहिमभाई बसले. चवडे टेकले, टाचा हवेत.

"दहावी नापास," नसीम म्हणाली.

"पेपर कठीण होता."

खाली उतरवली. नववी. टाचा अजून बोटभर वर. त्यांची बोटं ब्रेकवर पांढरी झाली होती. "उतरू का?" ते हळूच म्हणाले. नसीमनं हँडल सोडलं नाही. "अब्बा, अजून एक वर्ष खाली. काका, आठवी."

बोल्ट सैल केला. पाइप दोन बोटांनी उतरला. नववीची रेघ नळीत गेली, आठवीची कड्यावर आली. इब्राहिमभाईंचे दोन्ही तळवे जमिनीला लागले, पूर्ण, टाचांसकट. त्यांनी वाकून रेघेला नख लावलं.

"आठवीत होती तेव्हा मी पहिल्यांदा रजेवर आलो," ते म्हणाले. मग नसीमला म्हणाले, "सोड."

तिनं सोडलं. मीही सोडलं. ते गेले. डुगडुगत, तळ्याच्या कठड्याला धरून, मग कठडा सोडून. नसीम धावली नाही, ओरडली नाही, दोन्ही हात ओढणीत गुंडाळून उभी राहिली. मी कशाकडं बघत होतो ते सांगितलं तर हसाल: मी माणसाकडं बघितलंच नाही. सीट घसरतेय का ते बघत होतो. पहिलं वळण. दुसरं वळण. जिथं होती तिथंच होती. ते पलीकडून वळून आमच्याकडं येऊ लागले तेव्हा पाण्यात एक उलटा माणूस उलट्या सायकलवर त्यांच्याबरोबर येत होता, आणि दोघंही घाईत नव्हते.

नसीम रविवारी गेली.

परवा, पावसाळा संपल्यावर, इब्राहिमभाई दुकानात आले. सायकलवर. काठी कॅरिअरला बांधलेली, मुलीला सांगण्यापुरती. एका हातात फोन, फोनात नसीम, ड्यूटीच्या पांढऱ्या कपड्यांत.

"दत्ताभाऊ, गुडघे दुमडतात आता. टाचा टेकून जागा उरते."

"मग?"

"मग काय. नववीत घाला."

"काका, नीट तपासून पास करा," फोनातून आवाज आला. "वशिला नको."

मी पाइप पूर्ण बाहेर काढून पुसला, नवं ग्रीस लावलं, परत घातला आणि वर घेतला. नववीची रेघ कड्याच्या काठाशी आली. मी अंगठ्यानं तिच्यावरचं ग्रीस पुसलं. इब्राहिमभाईंनी फोन रेघेजवळ नेला, वरून धरला, बाजूनं धरला, उजेडात वळवला.

"दिसत नाही अब्बा, नुसतं चमकतंय."

"नाहीच दिसणार यात," ते म्हणाले. "रजेवर येशील तेव्हा नख लावून बघ."

मी बोल्ट आवळला. सीटचं नाक दोन्ही हातांनी धरून पिळून बघितलं. हलली नाही. थांबलो.